मोटार वाहन नोंदणी

यंत्रशक्तीने चालणारे वाहन रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याच्या ओळखखुणा व स्वामीचे नाव शासकीय नोंदवहीत दाखल करून घेणे, त्याला स्वतंत्र क्रमांक देणे आणि त्याबाबतचे प्रमाणपत्र स्वामीस प्रदान करणे, या प्रक्रियेस मोटार वाहन नोंदणी म्हणतात. महाराष्ट्रात व्यवहारात ती ‘पासिंग’ या नावाने ओळखली जाते आणि प्रमाणपत्रास ‘आर. सी. बुक’ म्हणण्याचा प्रघात, ते पुस्तकाऐवजी पत्त्याएवढ्या कार्डावर मिळू लागल्यानंतरही, कायम आहे. भारतात हा विषय मुख्यत्वे मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे चौथे प्रकरण व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी नियंत्रित होतो.

नोंदणी ही कर गोळा करण्याची सोय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. कर हा तिचा एक भाग आहे खरा. परंतु कायद्याच्या दृष्टीने नोंदणीचे मुख्य कार्य उत्तरदायित्व निश्चित करण्याचे आहे. वेगाने जाणाऱ्या वाहनाने एखाद्यास इजा केली, तर त्या इजेबद्दल कोणी उत्तर द्यावयाचे, या प्रश्नाचे उत्तर अपघातापूर्वीच लिहून ठेवलेले असावे, ही तिच्यामागील कल्पना होय. नोंदणीविषयक बहुतेक तरतुदींचा आणि विशेषतः न्यायालयीन निर्णयांचा अर्थ या एका सूत्राने लागतो.

ऐतिहासिक आढावा : घोडागाडी किंवा बैलगाडी हाकणारा मनुष्य बहुधा त्या परिसरातला, ओळखीचा असे व अपघात करून तो फार दूर जाऊ शकत नसे. मोटारीने ही परिस्थिती बदलली. पॅरिसच्या पोलिसांनी १४ ऑगस्ट १८९३ च्या आदेशाने मोटारींवर धारकाचे नाव, पत्ता व परवानगी क्रमांक दर्शविणारी धातूची पाटी लावणे बंधनकारक केले. नेदरलँड्समध्ये १८९८ साली देशव्यापी क्रमांकपद्धती सुरू झाली. ग्रेट ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार अधिनियमाने नोंदणी व क्रमांकपाटी सक्तीची झाली व हा कायदा १ जानेवारी १९०४ पासून अंमलात आला. याच कायद्याने कमाल वेगमर्यादा ताशी २० मैल अशी वाढवून दिली होती. अधिक वेगाची मुभा आणि त्याबदल्यात ओळख पटविण्याचे बंधन, असे या दोन तरतुदींचे नाते दिसते.

भारतात सर्व ब्रिटिश प्रांतांना लागू होणारा पहिला कायदा १९१४ चा होय. त्याची जागा १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने घेतली. वाहनांच्या नोंदणीबरोबरच व्यापारी वाहतुकीचे नियमन व त्रयस्थ पक्षाचा सक्तीचा विमा यांचाही अंतर्भाव असलेला हा व्यापक कायदा सुमारे पन्नास वर्षे चालू राहिला. १ जुलै १९८९ रोजी विद्यमान अधिनियम अंमलात आला. त्यात अनेकदा दुरुस्त्या झाल्या असून १९९४ व २०१९ च्या दुरुस्त्या विशेष महत्त्वाच्या आहेत.

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत यांत्रिक वाहने हा विषय समवर्ती सूचीत (नोंद ३५), तर वाहनांवरील कर हा विषय राज्य सूचीत (नोंद ५७) आहे. त्यामुळे नोंदणीचा कायदा देशभर एक, पण कर प्रत्येक राज्याचा निराळा, अशी स्थिती निर्माण झाली. महाराष्ट्रात १९५८ च्या मोटार वाहन कर अधिनियमानुसार कर आकारला जातो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाहन नेणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ या विभागणीत आहे.

नोंदणीची आवश्यकता : अधिनियमाच्या कलम ३९ नुसार नोंदणी झालेली नसताना कोणतेही मोटार वाहन चालविता येत नाही आणि स्वामीला ते इतरांकडून चालवून घेता येत नाही किंवा चालवू देता येत नाही. येथे ‘चालविणारा’ व ‘स्वामी’ या दोघांवर स्वतंत्र बंधन आहे, हे लक्षणीय आहे. तसेच ‘सार्वजनिक ठिकाणी’ या शब्दांना जोडून ‘अथवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द कलमात आहेत. सार्वजनिक ठिकाण याची व्याख्याही व्यापक आहे. जेथे जाण्याचा जनतेला हक्क आहे असा कोणताही रस्ता, गल्ली, वाट अथवा जागा, मग ती रहदारीची असो वा नसो, तीत मोडते आणि टप्पा वाहतुकीच्या गाड्या जेथे उतारू घेतात किंवा उतरवितात ते थांबेही तीत येतात.

मोटार वाहन म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. रस्त्यावर वापरण्यास अनुकूल असे कोणतेही यंत्रचलित वाहन म्हणजे मोटार वाहन. त्याची चालकशक्ती आतून मिळो वा बाहेरून. ज्यावर अद्याप साटा चढविलेला नाही असा नुसता सांगाडा (चॅसिस) आणि स्वतःचे इंजिन नसलेला जोडगाडा (ट्रेलर) यांचाही व्याख्येत स्पष्ट समावेश आहे. उसाच्या हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जाताना दिसतात. त्यांतील प्रत्येक ट्रॉली कायद्याने स्वतंत्र मोटार वाहन असून तिची स्वतंत्र नोंदणी लागते, ही गोष्ट शेतकऱ्यांना पुष्कळदा अपघातानंतरच कळते. याउलट स्थिर रुळांवरून धावणारी वाहने, केवळ कारखान्याच्या किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेली खास प्रकारची वाहने आणि चारांपेक्षा कमी चाके व २५ घन सेंमी.पर्यंत क्षमतेचे इंजिन असलेली वाहने व्याख्येतून वगळलेली आहेत. विद्युत् घटमालेवर चालणाऱ्या दुचाकींपैकी ज्यांच्या चलित्राची शक्ती ०·२५ किलोवॉटपेक्षा कमी व कमाल वेग ताशी २५ किमी.पेक्षा कमी आहे, अशा दुचाकींना नियमांतील अटींच्या अधीन राहून नोंदणी लागत नाही. विजेवर चालते म्हणून नोंदणी नको, असा मात्र नियम नाही. सायकलींचा या कायद्याशी संबंध नाही. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीला जो पितळी बिल्ला देत, तो स्थानिक कराचा होता.

नोंदणीची प्रक्रिया : महाराष्ट्रात परिवहन आयुक्तांच्या अधिपत्याखालील मोटार वाहन विभागाची प्रादेशिक व उपप्रादेशिक परिवहन कार्यालये नोंदणी प्राधिकारी म्हणून काम करतात. मूळ १९८८ च्या कायद्यानुसार स्वामीचे निवासस्थान अथवा व्यवसायाचे ठिकाण ज्या कार्यालयाच्या हद्दीत असे व जेथे वाहन सामान्यतः ठेवले जाई, तेथेच नोंदणी करावी लागे. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे ती करण्याची मुभा मिळाली.

अर्ज नमुना २० मध्ये करावयाचा असतो. त्यासोबत विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र (नमुना २१), वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याबद्दल निर्मात्याचे प्रमाणपत्र (नमुना २२), वैध विमा प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, विहित फी व कर लागतो. आयात वाहनासाठी सीमाशुल्क विभागाचा दाखला व सैन्याने विकून टाकलेल्या वाहनासाठी संबंधित अधिकाऱ्यांचे मूळ विक्री प्रमाणपत्र जोडावे लागते. कर्ज काढून घेतलेल्या वाहनाच्या बाबतीत वित्तसंस्थेच्या तारणाची नोंद प्रमाणपत्रावर होते. हिलाच ‘बोजा चढविणे’ म्हणतात. कर्ज फिटल्यावर नमुना ३५ देऊन हा बोजा उतरवून घ्यावा लागतो. हप्ते संपले म्हणजे नोंद आपोआप जाते असे नाही.

पूर्वी प्रत्येक नवे वाहन निरीक्षकासमोर हजर करावे लागे. निरीक्षक सांगाड्यावरील व इंजिनावरील ठसे कागदपत्रांशी ताडून पाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच राज्यात नोंदवावयाच्या नव्या वाहनाचा अर्ज विक्रेत्यानेच करावयाचा असून असे वाहन कार्यालयात हजर करण्याची गरज राहिलेली नाही. शिवाय नोंदणी क्रमांक वाहनावर लावल्याखेरीज ते ग्राहकाच्या ताब्यात देऊ नये, असे बंधन विक्रेत्यावर आले. दसरा-पाडव्याच्या मुहूर्तावर हार घातलेली बिनक्रमांकाची गाडी घरी आणण्याची जुनी रीत यामुळे बेकायदेशीर ठरली आहे. मुहूर्त साधावयाचा असेल, तर नोंदणीचे सोपस्कार काही दिवस आधी उरकावे लागतात.

सांगाडा क्रमांकाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण नोंदणीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. पाटीवरील क्रमांक बदलता येतो, इंजिन बदलता येते, रंगही बदलतो. परंतु निर्मात्याने सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक वाहनाच्या जन्मापासून शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहतो. आधुनिक वाहनांत तो १७ वर्ण व अंकांचा असून त्यातून निर्माता, वाहनाचा प्रकार, निर्मितीचे वर्ष इ. गोष्टी कळू शकतात. नोंदणी क्रमांक हे वस्तुतः या मूळ खुणेला दिलेले, दुरून वाचता येईल असे सुटसुटीत नाव आहे. सांगाडा क्रमांक खोडलेले किंवा पुन्हा ठोकलेले वाहन चोरीचे असावे असा संशय घेण्यास तेवढे कारण पुरेसे ठरते.

वाहन चोरीचे असल्याचे मानण्यास जागा असेल, ते यांत्रिक दृष्ट्या सदोष असेल, पूर्वीच्या नोंदणीचा तपशील दिलेला नसेल अथवा दिलेली माहिती चुकीची असेल, तर प्राधिकारी नोंदणी नाकारू शकतो. मात्र त्याने कारणे लेखी द्यावी लागतात व त्याविरुद्ध ३० दिवसांच्या आत अपील करता येते.

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांपर्यंत वैध असते व त्यानंतर तिचे दर खेपेस पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. परिवहन वाहनांचे, म्हणजे भाड्याने माल अथवा उतारू नेणाऱ्या वाहनांचे, तसे नाही. योग्यता प्रमाणपत्र सोबत नसेल, तर असे वाहन वैधपणे नोंदलेले आहे असे मानलेच जात नाही (कलम ५६). वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी व पुढे एकेका वर्षासाठी मिळते. ट्रकच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत संपली, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्याची नोंदणीही निष्प्रभ होते, हा या कलमाचा परिणाम वाहतूकदारांच्या नेहमीच ध्यानात असतो असे नाही.

तात्पुरती नोंदणी व तिचे परिणाम : वाहन एका राज्यात खरेदी करून दुसऱ्या राज्यात नोंदवावयाचे असेल किंवा नुसत्या सांगाड्यावर साटा बांधून घ्यावयाचा असेल, तर कलम ४३ नुसार ठरावीक मुदतीची तात्पुरती नोंदणी मिळते. अशा वाहनावर पिवळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या अक्षरांत क्रमांक असतो. ही मुदत संपली की वाहन पुन्हा बिननोंदणीचे होते. ही बाब किती महागात पडू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवरून दिसते.

पहिल्या प्रकरणात (२०१४) एका वाहनाच्या तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपून जेमतेम तीन आठवडे झाले असता त्याला अपघात झाला. विम्याचा हप्ता भरलेला होता व विमापत्र वैध होते. तरीही बिननोंदणीचे वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविणे हा केवळ दंडनीय गुन्हा नसून विमा करारातील मूलभूत अटीचा भंग आहे, असे ठरवून न्यायालयाने वाहनाच्या नुकसानीचा दावा अमान्य केला. दुसऱ्या प्रकरणात (२०२१) पंजाबात घेतलेली एक नवी गाडी जोधपूर येथे अतिथिगृहाबाहेर उभी असताना चोरीस गेली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत त्यापूर्वी थोड्याच दिवसांनी संपलेली होती. चोरीचा आणि नोंदणीचा परस्परांशी काय संबंध, हा स्वामीचा प्रश्न सकृत्‌दर्शनी रास्त वाटतो. परंतु मुदत संपल्यावरही गाडी रस्त्याने जोधपूरपर्यंत नेली गेली होती, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले व दावा फेटाळला. या निर्णयांतील कठोरपणाविषयी मतभेद होऊ शकतात; तथापि नोंदणी व विमा हे दोन स्वतंत्र कागद आहेत व एक असला की दुसऱ्याचे निभावते, ही समजूत त्यांनी कायमची निकालात काढली.

नोंदणी आणि मालकी : नोंदणी प्रमाणपत्र हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. वाहन ही जंगम वस्तू असल्याने तिची मालकी वस्तुविक्री अधिनियम, १९३० नुसार खरेदी-विक्रीच्या कराराने हस्तांतरित होते. त्यासाठी परिवहन कार्यालयातील नोंदीची पूर्वअट नाही. किंमत चुकती करून गाडी घेऊन गेलेला मनुष्य, प्रमाणपत्रावर जुन्या मालकाचे नाव असले तरी, तिचा मालक झालेला असतो. तथापि अपघाताच्या नुकसानभरपाईचा प्रश्न उद्‌भवतो, तेव्हा कायदा या मालकाकडे न पाहता नोंदवहीकडे पाहतो. येथेच सर्वाधिक लोकांची फसगत होते.

यामागे व्याख्येतील एक बदल आहे. १९३९ च्या अधिनियमात ‘स्वामी’ या शब्दाची व्याख्या अल्पवयीनाचा पालक व भाडेखरेदीने वाहन ताब्यात घेतलेला इसम यांपुरतीच होती. ज्याच्या नावे नोंदणी आहे तो स्वामी, असे तीत म्हटलेले नव्हते. म्हणून त्या कायद्याखाली प्रत्यक्ष विक्री सिद्ध करून जुना मालक जबाबदारीतून सुटू शकत असे. १९८८ च्या अधिनियमाने ‘ज्या व्यक्तीच्या नावे मोटार वाहनाची नोंदणी झालेली आहे ती व्यक्ती’ असा स्वामीचा अर्थ निश्चित केला. भाडेखरेदी, भाडेपट्टा किंवा तारणगहाण यांखाली असलेल्या वाहनाच्या बाबतीत मात्र करारान्वये ज्याच्या ताब्यात वाहन आहे तो स्वामी ठरतो. त्यामुळे कर्ज देणारी बँक स्वामी ठरत नाही.

या व्याख्येचा पूर्ण अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केला. त्यातील मोटार २००७ साली मूळ मालकाने विकली होती. पुढे ती एकापाठोपाठ एक अनेक हातांत गेली, पण कोणीही नाव बदलून घेतले नाही. २००९ मध्ये त्या मोटारीने झालेल्या अपघातात एका मुलाचा मृत्यू झाला. दोन वर्षांपूर्वी गाडी विकून मोकळा झालो अशी समजूत असलेला मूळ मालकच नुकसानभरपाईस जबाबदार आहे, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने विक्रीच्या साखळीचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही. नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याच्याकडे त्याला जाता आले पाहिजे, असा या निर्णयाचा आशय आहे.

म्हणून वाहन विकल्यानंतरच्या तरतुदींचे (कलम ५०) महत्त्व विकत घेणाऱ्यापेक्षा विकणाऱ्याला अधिक आहे. राज्यांतर्गत विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत नमुना २९ मध्ये व राज्याबाहेर असेल तर ४५ दिवसांत कळवावयाचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरणाची नोंद करून घ्यावयाची असते. स्वामीचा मृत्यू झाल्यास वारसाने नमुना ३१ द्यावयाचा असतो. प्रत्यक्षात जुन्या वाहनांच्या बाजारात कोऱ्या नमुन्यांवर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. दलालाला गाडी पुन्हा विकावयाची असते व मधल्या हस्तांतरणाचा खर्च वाचवावयाचा असतो. गाडी मग कोणाच्या हाती गेली हे सही करणाऱ्याला कळत नाही. तो मात्र तिच्या प्रत्येक अपघाताला, किंबहुना तिच्याकडून घडलेल्या प्रत्येक गुन्ह्याच्या पहिल्या चौकशीला, उत्तर देण्यास बांधलेला राहतो.

क्रमांक व क्रमांकपाटी : १९८९ पर्यंत महाराष्ट्रातील वाहनांना तीन रोमन अक्षरे व चारपर्यंत अंक असा क्रमांक मिळे. त्यानंतर देशभर एकच रचना आली. पहिली दोन अक्षरे राज्याची (महाराष्ट्र – एमएच, गोवा – जीए), मग कार्यालयाचा दोन अंकी क्रमांक, मग मालिकेची अक्षरे व शेवटी १ ते ९९९९ पर्यंतचा अंक. मुंबईतील ताडदेव कार्यालयास ०१, ठाण्यास ०४, कोल्हापूरला ०९, पुण्याला १२, नासिकला १५ व नागपूरला ३१ हे क्रमांक आहेत. मालिकेत आय व ओ ही अक्षरे वापरीत नाहीत, कारण १ व ० यांच्याशी त्यांचा घोटाळा होतो. हे संकेत लोकांच्या इतके अंगवळणी पडले आहेत की, ‘बारा पासिंगची गाडी’ म्हटल्यावर पुणे निराळे सांगावे लागत नाही.

पाटीच्या रंगांवरून वाहनाचा वर्ग कळतो. खासगी वाहनास पांढऱ्यावर काळी अक्षरे, परिवहन वाहनास पिवळ्यावर काळी आणि चालकाविना भाड्याने दिल्या जाणाऱ्या वाहनास काळ्यावर पिवळी अक्षरे असतात. विजेवरील वाहनांची पार्श्वभूमी २०१८ पासून हिरवी असून अक्षरे खासगी वाहनास पांढरी व परिवहन वाहनास पिवळी असतात. संरक्षण दलांच्या वाहनांची नोंदणी कलम ६० खाली वेगळी होते व त्यांच्या क्रमांकाआधी वर जाणारा बाण असतो. अक्षरे रोमन व अंक आंतरराष्ट्रीय असावेत असा नियम आहे. देवनागरीत क्रमांक लिहिण्यामागील भाषाप्रेम समजण्यासारखे असले, तरी केरळ किंवा आसाममधील पोलिसाला तो वाचता यावयास हवा, हे नियमामागील कारण त्याहून सबळ आहे. आकड्यांची मोडणी अशी करावयाची की त्यातून ‘दादा’ किंवा ‘मामा’ वाचले जावे, या हौसेला तर असे काहीच समर्थन नाही; क्रमांक वाचता येऊ नये एवढाच तिचा परिणाम होतो.

बनावट पाट्यांना आळा घालण्यासाठी उच्च सुरक्षा नोंदणी पाटीची तरतूद २००१ मध्ये नियमांत आली. परंतु निविदा व न्यायालयीन वाद यांमुळे ती दीर्घकाळ रेंगाळली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना ती सक्तीची झाली. ॲल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्र असलेली क्रोमियमयुक्त त्रिमितीय चित्रमुद्रा, लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक व निळ्या रंगातील ‘आयएनडी’ ही अक्षरे असतात. पाटी ज्या कुलपी खिळ्यांनी बसवितात, ते काढल्यास मोडतात व पुन्हा वापरता येत नाहीत. जुन्या वाहनांनाही अशा पाट्या बसविण्याची मोहीम महाराष्ट्रात २०२५ मध्ये राबविण्यात आली व तिची मुदत वारंवार वाढवावी लागली.

परराज्यातील वाहने : भारतात कोठेही झालेली नोंदणी देशभर वैध असते (कलम ४६). परंतु वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो (कलम ४७) व त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. नव्या राज्यात कर भरावयाचा व जुन्या राज्याकडून उरलेल्या काळाच्या कराचा परतावा मागावयाचा, असा हा मार्ग आहे. त्याचा दुसरा टप्पा बहुतेकांना इतका कष्टाचा वाटतो की ते परताव्याचा नाद सोडून देतात. राज्याराज्यांतील करांच्या तफावतीमुळे कमी कराच्या प्रदेशात खोट्या पत्त्यावर नोंदणी करण्याचे प्रकारही घडतात. पुदुच्चेरीत अशा रीतीने नोंदलेल्या महागड्या मोटारींचे प्रकरण २०१७ मध्ये केरळमध्ये गाजले होते.

सतत बदली होणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ पासून ‘भारत मालिका’ सुरू केली. तीत नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, ‘बीएच’ ही अक्षरे, चार अंक व शेवटी मालिकेची अक्षरे अशी रचना असते. संरक्षण दले, केंद्र व राज्य शासने आणि सार्वजनिक उपक्रम यांतील कर्मचाऱ्यांना, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना ती घेता येते. कर पंधरा वर्षांसाठी एकरकमी न भरता दोन-दोन वर्षांसाठी भरावयाचा असल्याने राज्य बदलले तरी क्रमांक बदलावा लागत नाही.

शास्ती : नोंदणीविना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० ते ५,००० रुपये दंड आणि पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५,००० ते १०,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात (कलम १९२). वाहन अटकावून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ ने दिला आहे. २०१९ मध्ये घातलेल्या कलम १९२ ख ची झळ अधिक आहे. नोंदणीसाठी अर्जच न करणाऱ्या स्वामीला वार्षिक कराच्या पाचपट किंवा आजीवन कराच्या एक तृतीयांश, यांपैकी अधिक असेल ती रक्कम भरावी लागते. विक्रेत्याने कसूर केल्यास त्याच्यासाठी हे प्रमाण वार्षिक कराच्या पंधरापट किंवा आजीवन कराइतके, यांपैकी अधिक असेल ते, असे आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्या वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

या कडक तरतुदींत एक माणुसकीचा अपवाद आहे. आजारी वा जखमी व्यक्तीस नेण्यासाठी किंवा संकटग्रस्तांसाठी अन्न, औषधे व अन्य साहित्य पोहोचविण्यासाठी आणीबाणीच्या प्रसंगी बिननोंदणीचे वाहन वापरले, तर कलम १९२ लागू होत नाही. मात्र वापरणाऱ्याने सात दिवसांच्या आत प्रादेशिक परिवहन प्राधिकरणास त्याची माहिती द्यावयाची असते.

नोंदणी रद्द होणे : वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर स्वामीने १४ दिवसांत तसे कळवून नोंदणी रद्द करून घ्यावयाची असते (कलम ५५). मोडीत काढण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत निष्कासन केंद्रे स्थापन झाली असून त्यांच्याकडून मिळणारे जमा प्रमाणपत्र नवे वाहन घेताना सवलतीसाठी उपयोगी पडते. भंगारवाल्याला गाडी देऊन केवळ पैसे घेणाऱ्याच्या नावावर ती नोंदवहीत तशीच राहते आणि तिची कागदपत्रे चोरीच्या गाडीला चिकटविली जाण्याचा धोका असतो. केंद्र व राज्य शासनांच्या पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. दिल्ली व आसपासच्या प्रदेशात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ मधील आदेशाने दहा वर्षांवरील डीझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल वाहनांवर बंदी आली व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम केली. तथापि या बंदीच्या अंमलबजावणीवर पुढेही वाद होत राहिले.

मूळ स्वरूपात जतन केलेल्या, पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व मोटारींसाठी मात्र २०२१ मध्ये स्वतंत्र तरतूद झाली. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांच्या रॅली, तसेच इंधन भरणे व दुरुस्ती या कारणांपुरतेच असे वाहन रस्त्यावर आणता येते.